वाचक विचारतात : यंदा मे महिन्यात कुठला डोंगर?

मार्च संपत आला की माझ्याकडच्या पत्रांत एकच प्रश्न वाढतो. ‘ताई, मनाली की उटी?’ कुणी फक्त एवढंच लिहितं आणि उत्तराची वाट पाहतं. माझं सगळं उमेदीचं वय लोकांना घेऊन फिरण्यात गेलं आहे, त्यामुळे नुसत्या गावाच्या नावावरून मला काही सांगता येत नाही. घरातलं कोण कोण येणार, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला गाडी लागते, कुणाला रात्री दोनदा उठावं लागतं, हे कळलं की अर्धं उत्तर तिथेच मिळतं. मग मी दोन गोष्टी बघते. रात्री झोपायचं गाव समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे आणि रेल्वे किंवा विमान सोडल्यानंतरचा शेवटचा रस्ता किती तासांचा आहे. प्रेक्षणीय स्थळांची यादी मी सगळ्यात शेवटी उघडते.

या वेळी आलेल्या पत्रांतली काही निवडली आहेत. सांगलीच्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण तसंच घर पुष्कळांचं आहे.

‘आम्ही सात जण आहोत. मी, पत्नी, भाऊ, भावजय, आई-वडील आणि माझी सहा वर्षांची मुलगी. वडील ७२ वर्षांचे, अँजिओप्लास्टी झाली आहे, पण रोज सकाळी चालायला जातात. मुलीला घाटात गाडी लागते. भावाला मनाली हवी आहे. आई म्हणते आपलं महाबळेश्वर बरं. मे महिन्यात दहा दिवस मोकळे आहेत. काय करावं?’
– एक वाचक, सांगली

दादा, आधी भावाच्या मनालीबद्दल. मनाली गाव साधारण दोन हजार पन्नास मीटरवर आहे. वडिलांची तब्येत स्थिर असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला तर तेवढ्या उंचीची भीती नाही. पण मनालीला जाऊन मनालीतच कोण थांबतं? बर्फ बघायला सगळे रोहतांगला निघतात आणि रोहतांग आहे ३,९७८ मीटरवर. पहाटे निघायचं, परवान्याची गाडी, वर जाणाऱ्या गाड्यांची रांग, आणि वर विरळ हवेत बर्फात चालणं. त्या दिवशी वडील एक तर हॉटेलच्या खोलीत एकटे बसतील, किंवा मुलांचा विरस नको म्हणून सोबत येतील. दुसऱ्या शक्यतेची मला जास्त काळजी वाटते. वडीलधारी माणसं छातीत दडपल्यासारखं झालं तरी बोलत नाहीत. शिवाय चंदीगडपासून पुढे पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर डोंगरातला रस्ता आहे. गाडी लागणाऱ्या लेकराला तो जाताना आणि येताना, दोनदा सोसावा लागेल. दहातले चार-पाच दिवस नुसत्या प्रवासात जातील.

आईंचं महाबळेश्वर चूक नाही. साडेतेराशे मीटरच्या आसपासची उंची, ओळखीचं जेवण, ओळखीची भाषा. पण मे महिन्यात, त्यातही शनिवार-रविवारी, वाईतून पसरणीचा घाट चढताना गाडी मुंगीच्या पावलानं सरकते, आणि वेण्णा तलावावर नावेसाठी ताटकळत उभं राहावं लागतं. सांगलीकरांना महाबळेश्वर हाकेच्या अंतरावर आहे. ते दिवाळीनंतर दोन दिवस काढून करा, तेव्हा हवाही सुरेख असते. दहा दिवसांची सुट्टी तिथे घालवू नका.

तुम्ही कुन्नूरला जा. नीलगिरीत, उटीच्या अलीकडे. उंची साडेअठराशे मीटर. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवला, तर सांगलीत अंगाची लाही होत असताना कुन्नूरला संध्याकाळी आईंना शाल का लागेल ते कळेल. उटी आणखी चारशे मीटर वर आहे, पण मे महिन्यात तिथे पुष्पप्रदर्शनाची प्रचंड गर्दी असते. उटी एका दिवसात बघून या, मुक्काम कुन्नूरलाच ठेवा. कुन्नूरच्या सिम्स पार्कमध्येही मे महिन्यात फळांचं प्रदर्शन भरतं. बाग उतारावर आहे, तेव्हा वडिलांनी वरच्या बाजूच्या बाकावर बसावं आणि तुम्ही मुलीला घेऊन खाली उतरावं.

प्रवास असा करा. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीत बेंगळुरू. तिथे विश्रांती घेऊन दुपारच्या गाडीने कोइम्बतूर, रात्री तिथेच मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीने मेट्टुपालयमवरून कुन्नूर. सपाटी संपल्यावरचा खरा घाट तीस-पस्तीस किलोमीटरचाच आहे. वळणं आहेत, पण थांबत थांबत गेलात तरी जेवायच्या वेळेला पोचाल.

आता मुलीचं. घाटाआधी पोट अगदी रिकामं नको आणि दूध अजिबात नको. इडली किंवा कोरडे चुरमुरे, थोडंच. सांगलीचं तिखट भडंग मोठ्यांनी परतीच्या वाटेवर खावं! तिला मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल अशा जागी बसवा. हातात मोबाइल देऊ नका. खाली बघत राहिलं की हमखास मळमळतं. गोळी द्यायची असेल तर बालरोगतज्ज्ञांना वजन सांगून मात्रा आधीच विचारून ठेवा आणि घाट सुरू होण्याआधी द्या. उलटी झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही.

मेट्टुपालयमहून सुटणारी डोंगरातली छोटी गाडी तुमच्या मनात आली असणार. ही गाडी १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत गेली, आणि २००५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत दोन रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी बसवलेली आहे. इंजिनाखालचं दातेरी चाक त्या पट्टीत रुततं आणि इंजिन मागे राहून डबे वर ढकलतं. पुढे डबे आणि मागे इंजिन, त्यामुळे पहिल्या डब्यातल्या माणसाला समोर फक्त रूळ आणि जंगल दिसतं. हिलग्रोव्हला इंजिन पाणी भरून घेतं तेव्हा सगळे खाली उतरतात आणि माकडं डब्यांच्या खिडक्यांकडे वळतात. खाऊ आत ठेवून उतरू नका. पण ती गाडी सकाळी सातच्या सुमाराला सुटते आणि कुन्नूरला पोचायला साडेतीन तासांच्या आसपास घेते. आरक्षण उघडल्या उघडल्या संपतं. वडिलांना पहाटे उठवून, प्रसाधनगृहाची सोय नसलेल्या डब्यात इतका वेळ बसवू नये असं माझं मत आहे. वर पोचल्यावर एक दिवस कुन्नूर ते उटी याच गाडीने जा. अंतर एकोणीस किलोमीटर, सव्वा तासाच्या आसपासचा प्रवास, दिवसातून बऱ्याच फेऱ्या. चहाचे मळे, बोगदे, युकलिप्टसचा वास, सगळं त्यातही आहे. दातेरी पट्टीचा टप्पा हवाच असेल तर भाऊ-भावजयांनी परतताना उटीहून दुपारच्या गाडीने खाली यावं आणि बाकीच्यांनी मोटारीने.

मुक्काम वरच्या कुन्नूरमध्ये घ्या, सिम्स पार्क किंवा बेडफोर्डच्या बाजूला. बसस्थानक आणि बाजार खालच्या कुन्नूरमध्ये आहे, तिथे गोंगाट असतो. खोली ठरवताना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा आहे : मोटार उभी राहते तिथून खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? आणि खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत किती? डोंगरातल्या हॉटेलांत रिसेप्शन रस्त्याला लागून असतं आणि खोल्या उतारावर खाली. छायाचित्रात दरी सुंदर दिसते, पायऱ्या दिसत नाहीत. चहाला वर, नाश्त्याला वर, जेवायला पुन्हा वर असं झालं की वडील दुसऱ्या दिवसापासून ‘मला भूक नाही’ म्हणू लागतात, आणि घरच्यांना वाटतं हवा मानवली नाही. हॉटेलवाल्याला सरळ सांगा, मोटारीपासून खोलीपर्यंत चालत जाऊन मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवा. चांगली माणसं पाठवतात. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे खोली घेऊ नका.

फिरणं सकाळी उरका. मे महिन्यात तिथे दुपारनंतर वळवाच्या सरी येतात. तेव्हा खिडकीत बसून चहा आणि सोबत वरकी, म्हणजे पापुद्र्यांची खुसखुशीत खारी. बेकऱ्यांत ताजी मिळते. लॅम्ब्ज रॉक, डॉल्फिन्स नोज ही ठिकाणं एका सकाळीत होतात. एक दिवस कोटगिरी. एक दिवस काहीच नको. तो दिवस आजी-आजोबा आणि नातीचा. सहा रात्री एकाच खोलीत काढा. रोज सामान बांधायचं नसलं की आईंनाही सुट्टी मिळते. त्यांच्यासाठी मेतकूट, दाण्याची चटणी आणि पाणी गरम करायची किटली बरोबर घ्या. पोळ्या मिळतात, पण तिसऱ्या दिवशी आपल्या चवीची आठवण येतेच.

दोन नियम माहीत असू द्या. बाहेरून नीलगिरी जिल्ह्यात येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांना ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून हे सुरू झालं आणि गर्दीच्या दिवसांत रोजच्या गाड्यांवर मर्यादा असते. मोटार ठरवताना पास कोण काढणार ते चालकाशी आधीच बोला. दुसरं, तिथे प्लॅस्टिकच्या बाटल्या चालत नाहीत. स्टीलच्या बाटल्या न्या.

आणि वडिलांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे निघण्याआधी जाऊन याच. ‘फिरायला जाऊ का’ असं मोघम विचारू नका. ‘साडेअठराशे मीटरवर सहा रात्री, एक दिवस सव्वादोन हजारांवर, रोज इतकं चालणं’ असं सांगून विचारा. डिस्चार्जच्या कागदाची प्रत आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, टपावरच्या बॅगेत नकोत. गरज पडली तर खाली कोइम्बतूर हे मोठ्या रुग्णालयांचं शहर आहे. हेही मी कुन्नूर सुचवण्यामागचं एक कारण आहे.

‘आमचं बाळ चौदा महिन्यांचं आहे. आम्हा दोघांचं लेह-लडाख लग्नाआधीपासून ठरलेलं आहे. विमानाने थेट जाता येतं, मग बाळाला त्रास कसला? मित्र नेऊन आले आहेत.’
– एक वाचक, पुणे

नेऊ नका. इतक्या स्पष्ट शब्दांत मी सहसा लिहीत नाही, पण इथे लिहिते.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. पुण्याहून दिल्लीमार्गे विमानाने तुम्ही काही तासांत तिथे पोचता. शरीराला सवय व्हायला वाटेत वेळच मिळत नाही, त्रास व्हायचं मूळ कारण हेच. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, तरुणाला आणि रोज व्यायाम करणाऱ्यालाही. मोठ्या माणसाला डोकं दुखतं, अन्न जात नाही, झोप लागत नाही, आणि तो तसं सांगतो. म्हणून पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, त्रास वाढला तर खाली उतरायचं, हे जमतं. चौदा महिन्यांचं बाळ फक्त रडतं. ते दात येताहेत म्हणून रडतंय, कान दुखतोय म्हणून, भूक लागली म्हणून की डोकं दुखतंय म्हणून, हे आईलाही ओळखता येत नाही. आणि लेहमध्ये कुणी लेहमध्येच राहत नाही. पँगाँग सव्वाचार हजारांच्या आसपास, नुब्राला जायचं तर ‘खारदुंग ला’ ही खिंड पाच हजार तीनशेच्या वर. त्या खिंडीत बाळ मलूल झालं तर डॉक्टर अनेक तासांवर असतो. मित्रांचं बाळ सुखरूप परत आलं याचा मला आनंद आहे. त्यावरून तुमच्या बाळाबद्दल काही ठरत नाही.

लेह कुठे जात नाही. मूल सहा-सात वर्षांचं होऊन ‘आई, डोकं दुखतंय’ असं नीट सांगू लागलं की बालरोगतज्ज्ञांना विचारून जा. तेव्हा मोनास्ट्री, याक, निळं पाणी त्याच्या लक्षातही राहील.

यंदा तुम्ही धरमशाला-पालमपूरला जा. पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून कांगड्याचं गग्गल विमानतळ. तिथून धरमशाला पंधरा किलोमीटरच्या आत. लहान बाळासाठी हिमालयात इतका छोटा शेवटचा रस्ता क्वचितच मिळतो. झोपायची उंची बाराशे ते पंधराशे मीटर. मे महिन्यात दुपारी ऊन लागतं हे खरं, थंडीनं कुडकुडण्याची अपेक्षा ठेवू नका. पण सकाळ-संध्याकाळ हवा गोड असते. आणि तिथली खरी गोष्ट म्हणजे धौलाधार. इतर ठिकाणी हिमशिखरं दूर क्षितिजावर असतात. कांगड्याच्या खोऱ्यात मधल्या डोंगरांच्या रांगाच फारशा नाहीत, त्यामुळे साडेचार हजार मीटरच्या वरची ही भिंत शेतांच्या मागून एकदम उभी राहते. पालमपूरच्या चहाच्या मळ्यात बाळाला गाडीत झोपवून तुम्ही दोघं ती बघत बसू शकता. विमान उतरताना बाळाला पाजत राहा, कान दुखत नाहीत. मॅक्लोडगंजला शनिवार-रविवारी दिल्ली-पंजाबची गर्दी उसळते, तिकडे मधल्या वारी चक्कर मारा.

‘माझी दहा वर्षांची मुलगी रोज विचारते, बर्फाचे डोंगर कधी दाखवणार? मे महिन्यात कौसानी किंवा मुक्तेश्वरहून हिमशिखरं दिसतील ना? नैनितालला राहून बघता येईल का?’
– एक वाचक, नाशिक

दिसतील याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलीला वचन देण्याआधी हे तुम्हाला माहीत असायला हवं.

कुमाऊँ मला अतिशय प्रिय आहे. मुक्तेश्वरहून किंवा कौसानीहून नंदादेवी आणि त्रिशूळ दिसतात तेव्हा माणसं बोलायची थांबतात. पण ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस संपून हवा धुतली गेल्यावर. मे महिन्यात मैदानातून वर येणारी धूळ आणि जंगलातल्या वणव्यांचा धूर यांनी क्षितिज पांढुरकं होऊन जातं. तिथे चीड वृक्षांची मोठी जंगलं आहेत. त्यांच्या वाळलेल्या सुया, ज्यांना तिथे पिरूल म्हणतात, उन्हाळ्यात जमिनीवर जाड थर करून पडतात आणि ठिणगी पडायचा अवकाश, भडकतात. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळ असा वणवा लागला की भीमतालच्या तलावातून हेलिकॉप्टरने पाणी उचलून ओतावं लागलं. वळवाचा चांगला पाऊस पडला तर दुसऱ्या दिवशी पहाटे तासभर सगळं स्वच्छ दिसतं. तो पाऊस तुमच्या मुक्कामात पडेल का, हे कोण सांगणार?

मुलीला हिमशिखरंच बघायची असतील तर यंदा धौलाधार. वर पुण्याच्या वाचकांना लिहिलंय तेच खोरं, पण तुम्ही रेल्वेने जा. पुण्याची झेलम एक्स्प्रेस मनमाडला मिळते आणि पठाणकोट कँटला उतरवते. तिथून धरमशाला नव्वद किलोमीटरच्या आत-बाहेर. ही शिखरं इतकी जवळ आहेत की थोडी धूळ असली तरी दिसतात. दहा वर्षांची चालणारी मुलगी असेल तर एक दिवस वाटाड्या घेऊन त्रिउंडला चढून या. पूर्ण दिवस जातो. वर २,८०० मीटरच्या पुढे गवताचं पठार आहे आणि समोर बर्फाची भिंत. मुक्काम खालीच करा.

एक गोष्ट मात्र तिला आधीच नीट समजावा. बर्फ बघणं आणि बर्फात खेळणं या दोन वेगळ्या सहली आहेत. त्रिउंडला मे महिन्यात पायाखाली गवत असेल.

तारखांबद्दल : आपल्या शाळा उत्तरेतल्या बहुतेक शाळांच्या आधी सुटतात. दिल्लीची मुलं साधारण मेच्या मध्यापासून मोकळी होतात आणि मग हिमाचल-उत्तराखंडचे रस्ते भरतात. एप्रिलचा शेवटचा आठवडा ते १० मे हे दिवस धरा. आणि कुमाऊँ दिवाळीच्या सुट्टीत करा. नैनितालच्या तलावाकाठी राहण्यापेक्षा मुक्तेश्वरला राहा. काठगोदाम ते मुक्तेश्वर दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. मे-जूनमध्ये कधी गेलातच तर भवालीवरून कैंची धामच्या बाजूला शनिवार-रविवारी गाडी घालू नका, तास न् तास अडकते. मात्र त्या दिवसांत रस्त्याकडेला काफळ विकायला येतं. लहान, लालजांभळं, आंबटगोड रानफळ. त्यावर मिरची-कोथिंबीर वाटलेलं हिरवं मीठ भुरभुरून देतात. मुलांना करवंदांसारखंच वेड लावतं.

‘चार दिवस, स्वतःची गाडी, दोन मुलं. चिखलदरा की पचमढी?’
– एक वाचक, नागपूर

मुलं आठ-दहाची असतील तर पचमढी. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, छिंदवाडा आणि तामियावरून. तामियाला थांबून दरी बघा, पातालकोटकडची ती बाजू फार भव्य आहे. उन्हाच्या आधी पोचायला पहाटे चारला निघा.

पचमढीची उंची हजार मीटरच्या थोडी वर, चिखलदऱ्याची अकराशेच्या आसपास. म्हणजे दोन्हीकडे दुपारी ऊनच. नागपूरच्या मानानं सात-आठ अंश कमी, एवढाच फायदा, पण रात्री पंखा हळू करून पांघरूण घेता येतं आणि नागपूरकरांना मे महिन्यात त्याची किंमत कळते. मी पचमढीला झुकतं माप देते ते पाण्यासाठी. चिखलदऱ्याचे धबधबे मे महिन्यात आटलेले असतात, त्या गावाचं खरं रूप श्रावणात. पचमढीच्या ओढ्यांना मे महिन्यातही पाणी असतं, बी फॉलला मुलं डुंबू शकतात. तिथल्या जंगलातल्या ठिकाणी स्वतःची गाडी नेता येत नाही, वनखात्याचं प्रवेशपत्र काढून जिप्सी ठरवावी लागते. ती सकाळी लवकर ठरवा आणि दुपारी बारा ते चार खोलीतच राहा. संध्याकाळी धूपगड, १,३५२ मीटर, सातपुड्याचं सर्वात उंच ठिकाण. सूर्यास्ताला गर्दी असते, सूर्योदयाला शांत असतं. चौरागडाला तुमच्याकडचे भाविक महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन जातात तो महादेव हाच. पण पायऱ्या पुष्कळ आहेत, मे महिन्यात मुलांना दुपारी नेऊ नका.

‘गोव्यातून जवळ म्हणून आंबोली कशी? मुलांची सुट्टी मे अखेरपर्यंत.’
– एक वाचक, मडगाव

आंबोली सातशे मीटरच्याही खाली आहे, मे महिन्यात थंडी मिळणार नाही. सावली, करवंदं, जांभळं आणि हिरण्यकेशीच्या उगमाचं गार पाणी मिळेल. उगमाची ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली, तिथल्या कुंडात सापडलेल्या दुर्मीळ माशामुळे. पाण्यात काही टाकू नका, साबण तर नकोच. मुलांची शाळा सुरू झाली तरी जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावरचा एखादा रविवार राखून ठेवा. स्थानिक जाणकार सोबत घेऊन रात्री बॅटरीच्या उजेडात बेडूक बघायला न्या. आंबोलीचा म्हणून ओळखला जाणारा छोटा भेक कातळावरच्या साचलेल्या पाण्यापाशी जमतो आणि सगळा सडा आवाजानं भरून जातो.

‘माझे गुडघे दुखतात. आम्ही तिघी बहिणी, साठीच्या पुढच्या. माथेरानला गाड्या नाहीत म्हणे, मग जमेल का?’
– एक वाचक, ठाणे

जमेल, आणि तुम्हाला आवडेलही. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून अमन लॉज स्थानक जवळच आहे, शटल गाडीने थेट माथेरानच्या बाजारात उतरता येतं. ई-रिक्षाही आहेत. हॉटेल बाजारपेठेपासून दहा मिनिटांत असेल असंच घ्या आणि सामान हमालाकडे द्या. वाटा लाल मातीच्या, दगड वर आलेले, म्हणून सँडल नकोत, पकड असलेले बूट हवेत, आणि काठी हवी. उंची आठशे मीटर, दुपारी उकडतं, पण झाडी इतकी दाट आहे की ऊन अंगावर येत नाही. सोमवार ते गुरुवार जा. हॉर्नचा आवाज नसलेल्या गावात तिघी बहिणींना मनसोक्त बोलता येईल.

‘रेल्वेचं तिकीट मिळतच नाही, शेवटी टूरवाल्याकडे जावं लागतं. आरक्षण नेमकं कधी करावं? आई-वडिलांना खालचा बर्थ कसा मिळेल?’
– एक वाचक, जळगाव

नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण एकशे वीस दिवसांऐवजी साठ दिवस आधी उघडतं. प्रवासाचा दिवस सोडून मागे साठ मोजा आणि त्या दिवशी सकाळी आठला खातं उघडून तयार बसा. खात्याला आधार जोडून ठेवा, ते आयत्या वेळी करू नका. जोडलेलं नसेल तर तत्काळचं तिकीटही काढता येत नाही. परतीचं आरक्षण वेगळ्या दिवशी उघडतं, तोही दिवस दिनदर्शिकेवर लिहा. लोक जायचं तिकीट मिळाल्याच्या आनंदात परतीचं विसरतात, आणि मेच्या मध्यानंतर उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांची प्रतीक्षा यादी हलत नाही.

खालच्या बर्थचं असं करा. साठीचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोनच प्रवासी असतील तर. सगळ्या घराचं एकच तिकीट काढलं की तो कोटा लागू होत नाही आणि आजी वरच्या बर्थसमोर उभ्या राहतात. म्हणून आई-वडिलांचं दोघांचं तिकीट या कोट्यात वेगळं काढा, बाकीच्यांचं त्याच गाडीत दुसरं. डबा वेगळा आला तर तुमच्यातल्या एकाने त्यांच्या डब्यातल्या कुणाशी तरी जागा बदलून घ्यावी. वयाचा पुरावा म्हणून दोघांची मूळ ओळखपत्रं त्यांच्याचजवळ द्या, तुमच्या खिशात ठेवू नका.